लेवोडोपाची सीआर (औषध सावकाश सोडणारी) गोळी बनवताना या चुका टाळा

“सर, बारा तास आलं बघा!”

दरवर्षी एम.फार्मचं एखादं पोर असा ग्राफ घेऊन माझ्या टेबलाशी उभं राहतं. डिसोल्यूशनची, म्हणजे काचेच्या भांड्यात गोळीतून किती औषध सुटलं याची, रेघ बारा तासांत शून्यापासून शंभरापर्यंत सरळ चढलेली आणि चेहऱ्यावर गड जिंकल्याचा आनंद. बेळगावात फॉर्म्युलेशन शिकवून मला बरीच वर्षं झाली, तरी त्या आनंदावर पाणी ओतायचं जिवावर येतं. पण औषध लेवोडोपा असेल तर ओतावंच लागतं.

बारा तासांचा मोह

कंपवातावरचं हे औषध लहान आतड्याच्या वरच्या भागातच रक्तात शिरतं. अमिनो आम्लं आत घेणारी जी वाहक प्रथिनं तिथं असतात, त्यांच्यामार्फतच त्याला वाट मिळते. मोठ्या आतड्यात ती सोय जवळजवळ नाही. गोळी लहान आतड्यातून तीन-चार तासांत पुढं सरकते. मग आठव्या-नवव्या तासाला एचपीएमसीच्या (पाण्यात फुगणाऱ्या पॉलिमरच्या) जेलमधून सावकाश सुटणारं औषध कुणाच्या उपयोगाचं?

लांबवण्याची इच्छा चुकीची नाही. कार्बिडोपासोबत (लेवोडोपाची मोडतोड थांबवणाऱ्या जोडीच्या औषधासोबत) दिलं तरी लेवोडोपाचं रक्तातलं अर्धायुष्य दीड तासाच्या आसपास असतं, त्यामुळं दिवसातून चार-पाच वेळा असर उतरतो आणि माणूस जागच्या जागी थिजतो. पण 1991 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली 50/200 ची (50 मिलिग्रॅम कार्बिडोपा, 200 मिलिग्रॅम लेवोडोपा) सीआर गोळीसुद्धा औषध चार ते सहा तासांतच सोडते. तेवढं करूनही साध्या गोळीच्या मानानं तिच्यातलं 70 ते 75 टक्केच औषध रक्तात पोचतं. म्हणून साध्या गोळीवरून सीआरवर नेताना डॉक्टर दिवसाचा डोस 10 ते 30 टक्के वाढवून धरतात.

बारा तासांची ही चूक बहुधा प्रॅमिपेक्सोल या कंपवातावरच्याच दुसऱ्या औषधाच्या प्रोटोकॉलवरून उचललेली असते. रोगही तोच, पॉलिमरही तोच, म्हणजे चालेल, असा हिशेब. प्रॅमिपेक्सोलचं अर्धायुष्य आठ ते बारा तास, आणि ते आतड्यात खालपर्यंत शोषलं जातं. त्याची दिवसातून एकदा घ्यायची गोळी म्हणूनच जमली.

मग तरंगती गोळी करू?

पुढचा प्रश्न हाच येतो, आणि याच्यावर मी सगळ्यात जास्त डोकं खाजवलेलं आहे. कल्पना सुरेख आहे. गोळी पोटात तरंगत राहील, औषध थोडं थोडं खाली सोडेल, आणि ते नेमकं हव्या त्या जागी पोचेल. काचेच्या व्हेसलमध्ये गोळी बारा तास तरंगतेही. फोटो काढून थिसिसमध्ये लावतात.

पण उपाशी पोटात दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक मोठी लाट येते आणि झाडून सगळं पुढं ढकलते. तिच्यापुढं तरंगणं टिकत नाही. म्हणजे गोळी पोटात थांबवायची तर पोटात जेवण पाहिजे. आणि जेवणात प्रथिनं असली की त्यांची अमिनो आम्लं त्याच वाहकांवर गर्दी करतात, लेवोडोपा मागं राहतं. म्हणून तर रोग्याला जेवणाआधी अर्धा-पाऊण तास गोळी घ्यायला सांगतात. औषधाला उपाशी पोट हवं, तरंगायला भरलेलं. इकडं आड, तिकडं विहीर. आपल्याकडं उसळीशिवाय भाकरी उतरत नाही आणि पाहुणा आला की कुंदा समोर येतो, तोही दुधाचाच. तरंगत्या गोळीचा प्रस्ताव आणणाऱ्याला मी आधी विचारतो, तुझा रोगी ही गोळी कशावर घेणार? बहुतेकांच्या सिनॉप्सिसमध्ये रोगी जेवतच नाही.

रोगी उताणा झोपला की तरंगण्याचा भरवसा आणखी कमी होतो. बेन्सेराझाइडसोबतची (हे कार्बिडोपासारखंच काम करतं) लेवोडोपाची तरंगती कॅप्सूल बाजारात आली, हे खरं. पण तिच्यातूनही साध्या गोळीपेक्षा कमीच औषध रक्तात पोचतं. घडी घातलेली फिल्म पोटात उलगडेल आणि अडकून राहील, अशी अकॉर्डियन पिलही निघाली होती. 2019 मध्ये तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत मुख्य उद्दिष्टच साधलं नाही. जिथं एवढी तयारी करून जमलं नाही तिथं एका सेमिस्टरमध्ये जमणार नाही असं मी म्हणत नाही, पण निष्कर्षात ‘यशस्वीरीत्या’ हा शब्द जपून लिहा.

काळे ठिपके

तरंगवण्यासाठी सोडिअम बायकार्बोनेट घालतात. आमच्या एका बॅचच्या गोळ्या जुलैत पंच केल्या, साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या आणि ऑगस्टमध्ये उघडल्या तर सगळ्यांवर करडे-काळे ठिपके. मुलांना वाटलं बुरशी. बुरशी नव्हती. लेवोडोपा हे कॅटेकॉल, म्हणजे सहज ऑक्सिडेशन होणाऱ्या जातीचं रसायन. ओल आणि अल्कधर्मी वातावरण मिळालं की त्याचं ऑक्सिडेशन होऊन मेलॅनिनसारखा काळा रंग धरतो. बायकार्बोनेट आत होतंच, ओल बेळगावच्या पावसानं दिली. खानापूरकडं तर विचारूच नका, तिथं आगपेटीसुद्धा पेटत नाही.

असं झालं तर आधी बायकार्बोनेट काढता येतं का बघा. काढता येत नसेल तर सायट्रिक आम्ल घालून गोळीच्या आतला पीएच खाली ठेवा. पाण्यानं ग्रॅन्युलेशन (भुकटीचे दाणे करणं) टाळा, गोळी दाबणाऱ्या पंचवर गंज असेल तर तो आधी घालवा, आणि गोळ्या ॲल्युमिनिअमच्या पाकिटात बंद करा. कार्बिडोपालाही ओल सोसत नाही.

कार्बिडोपावरून आठवलं. काही मुलं ते गाळूनच टाकतात, ‘मॉडेल ड्रग म्हणून फक्त लेवोडोपा घेतलं’ म्हणतात. मेंदूत पोचण्याआधीच लेवोडोपाची मोडतोड होते, ती थांबवायला दिवसाला 70 ते 100 मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. दोन्ही औषधं एकाच वेगानं सुटली पाहिजेत. आणि बाटलीत जे असतं ते मोनोहायड्रेट, म्हणून 25 मिलिग्रॅमसाठी 27 मोजायचं.

आणखी एक घोळ यंत्राचा. दोन्ही औषधं 280 नॅनोमीटरच्या आसपासच प्रकाश शोषतात. यूव्हीवर, म्हणजे नुसत्या शोषलेल्या प्रकाशावरून, मोजलं तर आकडा दोघांच्या बेरजेचा येतो, आणि रिलीज 104 टक्के निघाला की मुलं ढवळणाऱ्या पॅडलला दोष देतात. दोन्ही औषधं वेगळी करून मोजणाऱ्या एचपीएलसीला रांग असली तरी लावा. नुसत्या 0.1 नॉर्मल आम्लातही थांबू नका. तिथं लेवोडोपा जास्त विरघळतं, म्हणून चित्र गोड दिसतं, 4.5 आणि 6.8 पीएचलाही चालवा. 6.8 ला सॅम्पल काढून रात्रभर ठेवलं तर ते गुलाबी-तपकिरी होतं, तेव्हा लगेच आम्लात घ्या.

खलबत्ता

आमचे मामा खानापूर तालुक्यात राहतात. त्यांनाही कंपवात. दुपारी अचानक त्यांचं अंग वेडंवाकडं हलायचं, आणि दोन तासांनी पुतळा व्हायचा. मी गेलो तेव्हा मामी सीआर गोळी खलबत्त्यात कुटत होत्या, दुधात कालवायला.

“मामी, ही कुटायची नसते.”

“मग गिळत नाहीत तर काय करू, तूच सांग की. घशातच अडकतंय.”

कुटल्यावर चार-सहा तासांचं औषध एकदम सुटणार आणि लवकर संपणार, वर दुधातली प्रथिनं. मामांच्या दोन्ही तक्रारींचं उत्तर त्या खलबत्त्यात होतं. (खाजकुयलीचं चूर्णही चालू होतं, ते वेगळंच. त्या बियांतही लेवोडोपा असतं; 1937 मध्येच भारतीय संशोधकांनी ते वेगळं काढलं होतं. म्हणजे डोसावर डोस, आणि डॉक्टरांना पत्ता नाही.)

पण चूक मामींची म्हणवत नाही. कंपवातात गिळणं अवघड होतं, हे गोळी बनवणाऱ्याला आधी माहीत असतं. 200 मिलिग्रॅम लेवोडोपा, 54 मिलिग्रॅम कार्बिडोपा मोनोहायड्रेट, वर भरपूर पॉलिमर, म्हणजे गोळी मोठी होणारच. त्यापेक्षा बारीक दाण्यांची कॅप्सूल बरी. 2015 मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या रायटरीत वेगवेगळ्या वेगानं औषध सोडणारे दाणे आहेत. काही लगेच सुटतात, त्यामुळं सकाळी अंग मोकळं व्हायला सीआरसारखी वाट बघावी लागत नाही. आणि गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून दाणे सफरचंदाच्या मऊ गरावर टाकून, न चावता घेता येतात. 2024 मध्ये आलेल्या क्रेक्सॉन्टमध्ये दाण्यांवर आतड्याला चिकटून राहणारा पॉलिमर आहे.

मामांना ही औषधं मिळाली नाहीत. त्यांच्या डॉक्टरांनी सीआर बंद करून साधी 25/100 ची लहान गोळी कमी-कमी अंतरानं सुरू केली, जेवणाच्या वेळा बघून. आता मी व्हायवाला येणाऱ्या प्रत्येक पोराला त्याची गोळी पाण्याच्या घोटाबरोबर, माझ्यासमोर, मान वर न करता गिळून दाखवायला सांगतो. औषधाविना बनवलेली, अर्थात.