परक्या घरात पिल्लू शू करतं तेव्हा

स्वतःच्या घरी महिनाभर एकदाही न चुकलेलं कुत्र्याचं पिल्लू आजीकडे पाऊल टाकताच गालिच्यावर शू करायला बसतं. ते शिकलेलं विसरलेलं नसतं. 'घरात करायची नाही' हे त्याला आपल्या घरापुरतंच कळलेलं असतं.

माझ्या अनुभवात लागू पडलं ते असं. आत नेण्याआधी खाली १० मिनिटं फिरवायचं, शू झाली की तिथल्या तिथे, २ सेकंदांत खाऊ. घरात पट्टा सोडायचा नाही. ४ फुटांची दोरी आपल्या कमरेला, पहिला दिवस एकच खोली. तीन महिन्यांच्या पिल्लाला दर दीड तासाने बाहेर, शिवाय झोपून उठल्यावर, खेळल्यावर आणि खाल्ल्यावर १५ मिनिटांत. नाक फरशीला लावून गोल फिरू लागलं की उचलाच.

डाग पडलाच तर फिनेल नको. त्याने वास आपल्याला येत नाही, पिल्लाला येतच राहतो. कापडाने दाबून टिपा, मग एन्झाइम क्लीनर (लघवीचा वास मुळापासून घालवणारं द्रव) ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच ठेवा. ओरडलात तर बिचारं सोफ्यामागे लपून करायला शिकतं. सारखी थेंब थेंब होत असेल तर आधी डॉक्टरांकडून लघवी तपासून घ्या.