झोपेच्या ‘नैसर्गिक’ गोळ्या घेताना या चुका टाळा

झोपेसाठीच्या नैसर्गिक गोळ्यांच्या बाटलीमागे पाच-सात नावं एकाखाली एक छापलेली असतात: मेलाटोनिन, मॅग्नेशियम, एल-थिॲनिन (चहात आढळणारा घटक), व्हॅलेरियन (एका वनस्पतीचं मूळ), अश्वगंधा. सगळ्यांचं काम एकच असेल असं वाटतं आणि तिथूनच गडबड सुरू होते. प्रत्येकाची वेळ वेगळी, परिणाम दिसायला लागणारे दिवस वेगळे. ‘गोळी लागूच पडत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी विचारतो, किती वाजता घेतली आणि कशासाठी घेतली?

मेलाटोनिन गादीवर पडल्यावर घेणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. अंधार पडू लागला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते. त्याचं काम झोपवण्याचं कमी आणि ‘रात्र झाली’ हे शरीराला कळवण्याचं जास्त. आपल्या रोजच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी रक्तातली त्याची पातळी चढू लागते.

आता रोज रात्री दोनशिवाय झोप न येणाऱ्या माणसाचं बघा. त्याचं स्वतःचं मेलाटोनिन बाराच्या सुमाराला वाढायला लागतं. तो दीड वाजता गोळी घेतो, तोवर शरीराला रात्र झाल्याचं कळून चुकलेलं असतं. त्याची खरी अडचण अशी की त्याचं आतलं घड्याळ मागे पडलंय. ते पुढे आणायचं तर अगदी लहान मात्रा संध्याकाळीच, आठ-नऊच्या सुमाराला घ्यावी लागते. जोडीला सकाळी उठल्यावर लख्ख उजेड हवा. (गोळी घेतल्यावर गाडी चालवू नका, काहींना गुंगी येते.) आणि गोळी घेऊन पुढचे दोन तास डोळ्यांसमोर मोबाइल धरला, तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं. निळसर उजेड शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन दाबून टाकतो.

मात्रेचाही असाच घोळ आहे. शरीरात रात्री जेवढं मेलाटोनिन असतं तेवढी पातळी ०.३ ते ०.५ मिलिग्रॅममध्ये गाठता येते. बाजारात मात्र ५ आणि १० मिलिग्रॅमच्या गोळ्या सर्रास मिळतात. जास्त घेतलं म्हणून झोप गाढ लागत नाही, उलट सकाळी डोकं जड राहू शकतं. त्यात लेबलचाही भरवसा नाही. कॅनडात ३१ उत्पादनं तपासून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींत लेबलपेक्षा ८३ टक्के कमी, तर काहींत ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघालं, आणि आठांत चक्क सेरोटोनिन (मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन) सापडलं. अमेरिकेत २०२३ मध्ये तपासलेल्या २५ चघळायच्या गोळ्यांपैकी २२ वरचे आकडे चुकीचे होते. एकीत तर मेलाटोनिन नव्हतंच! आणि हो, ‘नैसर्गिक’ बाटलीतलं मेलाटोनिन बहुतेक वेळा कारखान्यातच बनवलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, पण त्या शब्दावर भुलून दुप्पट पैसे मोजू नका.

मॅग्नेशियमचा मोठा आकडा बघून बाटली घेणं

मॅग्नेशियम मज्जातंतूंची उत्तेजना आवरायला मदत करतं. आहारात ते कमी पडत असेल तर फायदा होण्याची शक्यता जास्त, एरवी फार आशा ठेवू नये. लेबल नीट वाचा. ‘मॅग्नेशियम बिसग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम’ म्हणजे १००० मिलिग्रॅम मॅग्नेशियम नव्हे. त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम असतं जेमतेम १४० मिलिग्रॅम. मॅग्नेशियम ऑक्साइड या प्रकारात ते वजनाच्या ६० टक्के असतं खरं, पण अंगी फार थोडं लागतं आणि उरलेलं पोट साफ करून जातं. झोपेसाठी घेतलेल्या गोळीने रात्री दोनदा संडासला उठवलं, तर मॅग्नेशियमचा प्रकार बदलून बघा. अमेरिकेत प्रौढांसाठी पूरक गोळ्यांमधून येणाऱ्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा दिवसाला ३५० मिलिग्रॅम ठरवलेली आहे. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घ्यायचंच नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींमध्ये किमान चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही.

एका रात्रीत निकाल लावणं

व्हॅलेरियन आणि अश्वगंधा एका रात्रीत जोखायच्या गोष्टी नाहीत. अश्वगंधेच्या अभ्यासांत लोकांनी ती काही आठवडे रोज घेतलेली असते. व्हॅलेरियनचे पुरावे आजही उलटसुलट आहेत, त्यामुळे चार आठवड्यांत फरक जाणवला नाही तर खुशाल सोडून द्या. एल-थिॲनिनने मन थोडं निवांत होतं, पण ते गुंगी आणत नाही. गाबाच्या (मेंदूला शांत करणारं रसायन) गोळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पोटातून घेतलेला गाबा मेंदूत फारसा पोहोचत नाही, तेव्हा पैसे वाचवा.

सगळं एकत्र घेणं

ही चूक मात्र महागात पडू शकते. झोपेच्या काही गोळ्यांत ५-एचटीपी नावाचा घटकही असतो, त्यापासून शरीर सेरोटोनिन बनवतं. नैराश्याची औषधं चालू असताना ते घेतलं तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. घाम, थरथर, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं होणं, अशी लक्षणं दिसली तर थेट दवाखाना गाठा. नैराश्य आणि ओसीडीसाठी (तेच तेच विचार आणि कृती करायला लावणारा आजार) दिलं जाणारं फ्लुवोक्सामिन हे औषध मेलाटोनिनची पातळी कित्येक पटींनी वाढवतं. व्हॅलेरियन दारूबरोबर नको. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याची क्वचित उदाहरणं आहेत, आणि गरोदरपणात ती टाळायचीच. काहीही सुरू करायचं तर एका वेळी एकच, म्हणजे गुण कशाचा आणि त्रास कशाचा हे कळतं.

गोळीच्या आवाक्याबाहेरचं

घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यावर यातलं काहीच चालत नाही. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोप बिघडलेली असेल, तर पहिला उपचार म्हणजे निद्रानाशासाठीची सीबीटी (झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती), गोळी नव्हे. आणि अंथरुणावर पडल्यावर पाय सतत हलवावेसे वाटत असतील, तर आधी रक्तातलं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासून घ्या. लोह कमी निघालं तर उपचार त्यावर करायचे असतात.