इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ‘नगण्य’ धरताना या चुका टाळा

शाळेत इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाला ‘नगण्य’ हे विशेषण एकदा चिकटले की ते पुढे पदवीच्या वर्गापर्यंत सुटत नाही, आणि बहुतेक घोटाळ्यांचे मूळ तिथेच असते. नगण्य म्हणजे शून्य नव्हे. हाती घेतलेल्या गणितात जे सोडून दिले तरी उत्तर बिघडत नाही, ते त्या गणितापुरते नगण्य असते. कार्बन-१२ च्या अणूतील सहाही इलेक्ट्रॉनांचे वस्तुमान मिळून सुमारे ०.००३३ डाल्टन (अणूंचे वस्तुमान मोजण्याचे एकक), म्हणजे अणूच्या वस्तुमानाच्या जेमतेम ०.०२७ टक्के भरते. म्हणून अणुवस्तुमानांक मोजताना त्यांचा विचार करावा लागत नाही.

तुलना करताना होणारी पहिली चूक घातांकाची असते. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ९.१०९ × १०^-३१ किलोग्रॅम आणि प्रोटॉनचे १.६७३ × १०^-२७ किलोग्रॅम आहे. घातांकांत चारचा फरक दिसताच अनेक जण ‘दहा हजार पट’ असे लिहून मोकळे होतात. प्रत्यक्ष भागाकार केल्यास प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड ठरतो. याहून फसवी चूक एककांची आहे. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ग्रॅममध्ये (९.१०९ × १०^-२८) आणि प्रोटॉनचे किलोग्रॅममध्ये घेतले, तर उत्तर १.८३६ येते. अंक ओळखीचे असल्यामुळे मनाला शंका येत नाही, पण उत्तर हजारपटीने चुकलेले असते. भागाकारापूर्वी दोन्ही राशींची एकके शेजारी लिहून पाहणे, हा यावर साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

‘१८३६ पटीने कमी’ ही शब्दरचनाही टाळावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. ‘प्रोटॉनच्या वस्तुमानाचा सुमारे १८३६ वा भाग’ असे लिहिले, तर कशाला कशाने भागायचे हे वाक्यातच स्पष्ट होते.

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची वस्तुमाने ‘समान’ मानणे हीसुद्धा अशीच अर्धवट सवय आहे. न्यूट्रॉन किंचित जड असतो आणि हा फरक सुमारे अडीच इलेक्ट्रॉनांच्या वस्तुमानाएवढा असतो. त्यामुळेच अणुकेंद्रकाबाहेरचा एकटा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांच्या आसपास विघटित होऊन प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो (विद्युतभार नसलेला, अत्यंत हलका कण) देऊ शकतो. फरक शून्य धरला, तर इलेक्ट्रॉन निर्माण व्हायला लागणारी ऊर्जा कुठून आली, याचे उत्तरच उरत नाही.

खरी कसोटी बीटा ऱ्हासाच्या, म्हणजे केंद्रकातून इलेक्ट्रॉन किंवा त्याचा धनभारित जोडीदार पॉझिट्रॉन बाहेर पडण्याच्या, गणितात लागते. वैद्यकीय पेट स्कॅनमध्ये वापरले जाणारे फ्लोरिन-१८ पॉझिट्रॉन बाहेर टाकून ऑक्सिजन-१८ बनते. तक्त्यात दिलेली वस्तुमाने (१८.०००९४ आणि १७.९९९१६ डाल्टन) केंद्रकांची नसून इलेक्ट्रॉनांसकट संपूर्ण अणूंची असतात, हे इथे विसरले जाते. त्यांची वजाबाकी ०.००१७८ डाल्टन, म्हणजे ऊर्जेच्या एककात १.६५६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी येते. परंतु फ्लोरिनच्या अणूत नऊ इलेक्ट्रॉन असतात आणि ऑक्सिजनच्या अणूत आठ. म्हणून ऱ्हासानंतर एक इलेक्ट्रॉन जास्तीचा उरतो आणि तेवढ्याच वस्तुमानाचा पॉझिट्रॉन वेगळा निघतो. या दोघांचे मिळून १.०२२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट वजा केल्यावर पॉझिट्रॉन आणि न्यूट्रिनो यांच्या वाट्याला येणारी ऊर्जा फक्त ०.६३४ उरते. ‘नगण्य’ म्हणून सोडलेल्या दोन कणांनी इथे साठ टक्क्यांहून अधिक हिस्सा घेतलेला असतो.

हा नियम पाठ झाला की काही विद्यार्थी तो इलेक्ट्रॉन बाहेर टाकणाऱ्या ऋण बीटा ऱ्हासालाही लावतात. कार्बन-१४ आणि नायट्रोजन-१४ यांच्या अणूंच्या वस्तुमानांतील फरक केवळ ०.१५६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टएवढा आहे. त्यातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनचे ०.५११ वजा केले, तर उत्तर ऋण येते, म्हणजे कार्बन-१४ चा ऱ्हास होऊच शकत नाही असा निष्कर्ष निघतो. पण पुरातत्त्वातील कालमापन तर याच ऱ्हासावर चालते. नायट्रोजनच्या अणूच्या वस्तुमानात सातवा इलेक्ट्रॉन आधीच धरलेला असतो, त्यामुळे इथे वेगळे काहीही वजा करायचे नसते. सूत्र आठवण्याआधी ऱ्हासापूर्वीचे आणि ऱ्हासानंतरचे इलेक्ट्रॉन कागदावर मोजून घेतले, तर दोन्ही चुका लिहिण्यापूर्वीच सापडतात.