जुनी, हलकी हायब्रिड सायकल घेताय? मुंबईत या चुका टाळा

लालबागच्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर. खाली सायकल ठेवायची सोय नसल्याने रोज संध्याकाळी ती खांद्यावर घेऊन वर न्यावी लागते. माझी आधीची सस्पेन्शनवाली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, साडेसतरा किलोची होती. दादर, सायनवरून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसपर्यंत ती मुकाट्याने न्यायची, पण घरी आल्यावर जिन्यात जीव काढायची. म्हणून हलकी हायब्रिड, म्हणजे एमटीबी आणि रेसिंग सायकल यांच्या मधली सायकल, शोधायला लागलो. हाताशी बारा हजार रुपये होते, म्हणजे जुनीच घ्यावी लागणार होती. पहिली घेतली ती चुकली आणि सहा महिन्यांत विकावी लागली. दुसरी नीट पारखून घेतली, ती आजही चालवतो. तेव्हापासून ऑफिसातले, ओळखीतले लोक सायकल बघायला मला सोबत नेतात आणि बहुतेकांची नजर आधी चुकीच्या जागी जाते.

जुन्या सायकलीत काही गोष्टी नंतर बदलता येतात: चेन, टायर, ब्रेकचे रबर, केबल, सीट, पेडल. फ्रेमचं माप मात्र बदलता येत नाही, आणि फ्रेमच्या आत शिरलेला गंजही काढता येत नाही. लोक रंग बघतात, गिअर मोजतात, टायरची नक्षी बघतात. आधी बघायचं ते हे बदलता न येणारं.

वजन विचारलं, मोजलं नाही

विकणारा प्रत्येक जण 'एकदम हलकी आहे' म्हणतो. दांडीला धरून उचलून काही कळत नाही, कारण सायकल मधोमध उचलली की जड सायकलही हलकी वाटते. रद्दीवाल्याकडे असतो तसा ताणकाटा किंवा बॅगा मोजायचा लटकता काटा सोबत न्या. तोही नसेल तर घरच्या वजनकाट्यावर आधी एकटे आणि मग सायकल हातात घेऊन उभे राहा, फरक म्हणजे सायकलचं वजन. ॲल्युमिनियम फ्रेमची, साध्या फोर्कची (पुढचं चाक धरणारा, बिनस्प्रिंगचा चिमटा) हायब्रिड साधारण ११ ते १३ किलो भरते. काटा १५ दाखवत असेल तर नाव हायब्रिड असलं तरी जिन्यात ती एमटीबीच.

हे जादा वजन बहुतेक वेळा पुढच्या चिमट्यात, म्हणजे सस्पेन्शन फोर्कमध्ये असतं. स्वस्त स्प्रिंगवाला फोर्क साध्या फोर्कपेक्षा सहज एक-दीड किलो जड असतो. 'मुंबईत खड्डे आहेत, सस्पेन्शन हवंच' हे मी पन्नास वेळा ऐकलंय. पण आपल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हा फोर्क दोन वर्षांत आतून गंजतो, दाबला तर जेमतेम हलतो. मग धक्का हाताला बसतोच आणि वजन तेवढं उरतं. खड्ड्यांसाठी ३५ ते ३८ मिलिमीटर रुंदीचे टायर आणि त्यात बेताची हवा हा उपाय जास्त टिकतो. ट्रेकची एफएक्स, जायंटची एस्केप या मालिका साध्या फोर्कच्या आहेत. जुन्या बाजारात असं काही दिसलं तर थांबून बघा.

हलक्याच्या नादात उलटी चूकही होते. २५ किंवा २८ मिलिमीटरचे टायर असलेली सायकल वेगात सुंदर चालते, पण गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने असल्या तर असं चाक त्यात उतरतं. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली भेग, उखडलेले पेव्हर ब्लॉक, तेच. बारीक टायर बदलता येतात, मात्र फ्रेममध्ये रुंद टायर आणि वर मडगार्ड मावेल एवढी जागा आहे का, हे घेण्याआधी बघा. मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची स्क्रूची भोकं फ्रेमला आहेत का, तेही. ती नसली तर पावसाळ्यात रोज पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन ऑफिस गाठावं लागेल.

रंग बघितला, गंज बघितला नाही

मुंबईत जुनी सायकल घेणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. पुण्यात तीन वर्षं पार्किंगमध्ये उभी असलेली सायकल आणि इथे समुद्राकडे तोंड असलेल्या गॅलरीत तीन वर्षं उभी असलेली सायकल, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. २०२०च्या टाळेबंदीच्या काळात हौसेने घेतलेल्या कितीतरी सायकली अशा गॅलऱ्यांमध्ये उभ्या राहिल्या. त्या फार चाललेल्या नसतात, रंग चकचकीत असतो, विकणारा मनापासून 'वापरलीच नाही' म्हणतो आणि ते खरंही असतं. पण खारी हवा काही सायकल चालायची वाट बघत नाही.

परळच्या एका मिस्त्रींनी मला पहिली गोष्ट शिकवली: 'आधी सीट वर ओढून बघा.' सीटखालचा दांडा फ्रेममध्ये ग्रीसशिवाय वर्षानुवर्षं राहिला की तिथेच धरतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टीलचा दांडा असेल तर मिठाच्या ओलाव्यात दोन धातूंमध्ये क्रिया होऊन तो अक्षरशः जाम होतो. एलन की, म्हणजे षटकोनी किल्ली, सोबत न्या, क्लँप सैल करा, दांडा पूर्ण बाहेर काढून बघा. 'जाम आहे, पण उंची तुम्हाला बरोबरच आहे' असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. तो दांडा काढताना फ्रेम चिरलेली मी बघितली आहे.

मग सायकल उलटी करा. दोन्ही क्रँक, म्हणजे पेडल ज्यांना जोडलेली असतात त्या दांड्या, धरून आडवे हलवा. खेळ जाणवला तर मधलं बेअरिंग, ज्याला मिस्त्री बीबी म्हणतात, गेलेलं आहे. ते बदलता येतं, पण हिंदमातासारख्या ठिकाणी गुडघाभर पाण्यातून सायकल गेली असेल तर पाणी आत राहून ते फ्रेमला धरलेलंही असू शकतं, आणि मग काम अवघड होतं. स्पोक जिथे रिमला मिळतात तिथे पांढरी भुकटी दिसली तर ॲल्युमिनियम खाल्लं जातंय असं समजा. चाकाला थोडा आउट असेल तर मिस्त्री काढून देतो, पण स्पोकचे निपल, म्हणजे रिमजवळचे छोटे नट, गंजून बसले असतील तर फिरवताना तुटतात आणि चाक नवं घ्यावं लागतं.

व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे ब्रेक, असतील तर रिमच्या कडेवरून बोट फिरवा. पृष्ठभाग खोलगट लागला तर रिम घासून पातळ झाली आहे. ती घेऊ नका, किंवा नव्या रिमची किंमत वजा करूनच बोला.

स्वस्त मिळाली म्हणून माप सोडलं

माझी पहिली चूक हीच. उंची पाच फूट पाच इंच, आणि सायकल मिळाली एल मापाची. दहा किलोमीटरचं अंतर असल्याने वाटलं चालून जाईल. तिसऱ्या आठवड्यात तळहाताला मुंग्या, मान आखडलेली. स्टेम, म्हणजे हँडल पुढे धरणारा तुकडा, लहान बसवला, सीट पुढे ओढली, तात्पुरतं बरं वाटलं इतकंच. दांडीवर पाय दोन्हीकडे टाकून उभे राहिल्यावर मांड्यांच्या मध्ये दोन-तीन बोटं तरी जागा हवी. सीटवर बसून खालच्या पेडलवर टाच ठेवल्यावर गुडघा सरळ व्हायला हवा, आणि हँडल धरताना कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. गल्लीत एक फेरी मारून ठरवू नका, वीस मिनिटं चालवायला मागा.

गिअर मोजले, हब बघितलं नाही

२१ गिअर म्हणजे २४ पेक्षा कमी आणि म्हणून वाईट, असं नसतं. मुंबई सपाट आहे. चढ म्हणाल तर लालबागचा, सायनचा उड्डाणपूल. मागे सर्वांत मोठं चक्र २८ ते ३२ दात्यांचं असेल तर पुढे एकच चक्र असलेली आठ गिअरची सायकलही पुरते, शिवाय बिघडायला कमी जागा. महत्त्वाचं वेगळंच आहे. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, सात गिअरचं फ्रीव्हील (दातेरी चक्रांचा गठ्ठा) मळसूत्राने बसवलेलं असेल तर त्या रचनेत उजव्या बाजूचं बेअरिंग आत राहतं आणि खड्ड्यांनी मागचा एक्सल, म्हणजे चाकाचा आस, वाकतो. मागचं चाक काढून एक्सल बोटांनी फिरवा. त्याचं टोक डोलताना दिसलं तर तो वाकलेला आहे. कॅसेटवाल्या, म्हणजे चक्रं मळसूत्राऐवजी खाचांवर सरकवून बसवलेल्या, हबला हा त्रास फार कमी होतो.

किंमत ठरवताना चेन विसरली

इंचांच्या खुणा असलेली साधी स्टीलची पट्टी न्या. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य धरलं की तिच्या पुढची २४वी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. इंचाचा सोळावा भाग जास्त भरला तर चेन बदलायची वेळ झाली. आठवा भाग जास्त असेल तर मागची चक्रंही बहुधा गेली, आणि खर्च एका चेनचा राहत नाही. टायरच्या बाजूला बारीक भेगा, कडक झालेल्या केबल, संपलेले ब्रेकचे रबर, या सगळ्यांची बेरीज तिथेच उभं राहून करा आणि मग भाव बोला. नऊ हजारांची सायकल चार हजारांच्या कामासह घेण्यापेक्षा साडेअकराची तयार सायकल घेतलेली बरी.

बिल मागा. नसेल तर बीबीखाली कोरलेला फ्रेम नंबर बघा. तो घासून काढलेला असेल तर तिथे पुढे बोलणंच नको, ती कोणाची तरी चोरलेली सायकल असू शकते.

घेतल्यावर येणाऱ्या तक्रारी

नवी चेन टाकली आणि जोर दिला की ती उडी मारते: मागची जुनी चक्रं नव्या चेनशी जुळत नाहीत. गिअर ॲडजस्ट करण्यात दिवस घालवू नका, कॅसेट बदला.

गिअर खाली नीट पडतो पण वर चढायला अडतो, किंवा उलट: बहुतेक वेळा केबल आणि तिची नळी आतून गंजलेली असते. दोन्ही एकदम बदला, नुसती केबल बदलून महिनाभरात पुन्हा तेच होतं.

ब्रेक किंचाळतात: रिम साबणाच्या पाण्याने धुवा, रबराचा पुढचा भाग रिमला आधी टेकेल असा किंचित तिरपा बसवा.

कुरकुर आवाज येतो: सगळे लगेच बीबीवर संशय घेतात. आधी उभं राहून पेडल मारा. आवाज थांबला तर तो सीट किंवा सीटच्या दांड्याचा. दांडा काढून पुसा, ग्रीस लावून बसवा. तरी येत असेल तर पेडल काढून त्यांच्या आट्यांना ग्रीस लावा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा.

दर आठवड्याला पंक्चर: ट्यूब नुसती चिकटवू नका. ट्यूबमधलं भोक बाहेरच्या बाजूला असेल तर टायरच्या आतून कापूस फिरवा, रुतलेली काच किंवा गाड्यांचे टायर फाटून रस्त्यावर पडणारी बारीक तार त्यात अडकते. भोक आतल्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे आणि स्पोकचं टोक ट्यूबला लागतंय. ट्यूबचा वॉल्व्ह बारीक, फ्रेंच पद्धतीचा असेल तर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पाइप त्याला बसत नाही. छोटा पितळी अडॅप्टर वॉल्व्हवरच फिरवून ठेवा. सायनच्या पुलाखाली रात्री नऊ वाजता हवा भरून घेताना माझ्याकडे तो नव्हता, आणि घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आलो.