ईमॅक्सला पॅच पाठवायचाय? आधी ऑफर लेटर काढून वाचा

ईमॅक्स या मुक्त टेक्स्ट एडिटरला दोन-चार ओळींची दुरुस्ती (पॅच) पाठवली तर कुणी कागद मागत नाही. बदलासोबतच्या नोंदीत, म्हणजे कमिट मेसेजमध्ये, ‘कॉपीराइट-पेपरवर्क-एक्झेम्प्ट: यस’ (कॉपीराइटच्या कागदांतून सूट) असं लिहून ती घेतात. पण तुमच्या आजवरच्या बदलांची बेरीज साधारण १५ ओळींच्या पुढे गेली की एक छोटा फॉर्म येतो. तुम्ही कुठल्या देशाचे नागरिक, जन्मसाल कोणतं, दुसऱ्या कुणाचं लिखाण यात घेतलंय का, आणि या कोडवर हक्क सांगू शकेल असा एम्प्लॉयर आहे का?

बाकीचं मिनिटांत भरून होतं. घोडं अडतं ते शेवटच्या प्रश्नावर.

फॉर्मनंतर कॉपीराइट हस्तांतराचा करारनामा सहीला येतो, त्याला घाबरू नका. सही केली की कॉपीराइट ईमॅक्समागच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या नावावर होतो, म्हणजे कुणी जीपीएल हा ईमॅक्सचा मुक्त परवाना मोडला तर दावा लावायला एकच मालक पुढे असतो. बदल्यात तुमचा कोड तुम्हाला हवा तसा वापरायची मुभा राहते, आणि तो मुक्त परवान्याखालीच वाटू असं फाउंडेशन लिहून देतं.

आता एम्प्लॉयर. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या ओघात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक एम्प्लॉयरच. त्यात ऑफर लेटरमध्ये कधीकधी ‘नोकरीच्या काळात केलेलं सगळं कंपनीचं’ असंही घातलेलं असतं, मग रविवारी घरच्या लॅपटॉपवर लिहिलेल्या कोडवरही प्रश्नचिन्ह लागतं. अशा वेळी ‘आमचा यावर दावा नाही’ असा कागद कंपनीकडून सही करून लागतो. माझा कागद एचआरकडून लीगलकडे, तिथून मॅनेजरकडे आणि परत एचआरकडे फिरत राहिला. ‘ओपन सोर्सला परवानगी द्या’ असं मोघम मागितलं की धोरणाची चर्चा सुरू होते आणि फाइल बसते. मी मागणी फक्त ईमॅक्सपुरती, एकाच पानाची केली, तेव्हा सही झाली. त्यामुळे कोड लिहायला घेण्याआधीच हा अर्ज टाका.

एखाद्या छोट्या प्रकल्पाने कॉपीराइट हस्तांतराचा घरगुती मसुदा पाठवला तर त्याच कायद्याचं कलम १९ आठवा: मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचं धरलं जातं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं.

सीएलए, म्हणजे कोड देणाऱ्याशी होणारा परवाना करार (कॉन्ट्रिब्युटर लायसन्स अ‍ॅग्रीमेंट), हा वेगळा प्रकार. अपाची फाउंडेशनच्या सीएलएमध्ये मालकी तुमच्याकडेच राहते, तुम्ही फक्त परवाना देता. तरी समोर कोण आहे ते बघाच. हॅशिकॉर्प ही कंपनीही सीएलए घेत असे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी टेराफॉर्म हे आपलं सॉफ्टवेअर एमपीएल या मुक्त परवान्यावरून बिझनेस सोर्स लायसन्स या वापरावर बंधनं घालणाऱ्या परवान्यावर नेलं. त्यातूनच ओपनटोफू हा फोर्क, म्हणजे जुन्या कोडवरून काढलेला वेगळा प्रकल्प, निघाला.

जीसीसी या कंपायलरच्या प्रकल्पाने २०२१ मध्ये कॉपीराइट हस्तांतराची सक्ती सोडली, त्याच वर्षी जीलिबसी या सी लायब्ररीनेही. तिथं आता लिनक्स कर्नलसारखी कमिट मेसेजमधली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ चालते, ‘गिट कमिट -एस’ ही कमांड दिली की झालं. पण हा कोड द्यायचा हक्क मला आहे, असंच तुम्ही त्या ओळीत लिहून देता. कंपनीचा कागद तिथं कुणी मागत नाही, एवढाच फरक.