नव्या संसारातील पाहुणचार

पाहुणा घरी आला की प्रथम पाणी द्यावे, जमल्यास गुळाच्या खड्यासह, आणि तो स्थिरावल्यावर चहा विचारावा; साखर किती, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. कांदेपोहे करण्याचे काम एकाने घ्यावे व दुसऱ्याने पाहुण्याजवळ बसावे, कारण दोघेही स्वयंपाकघरात अडकले तर आलेला माणूस भिंतींकडे पाहत राहतो. (नवरदेवांनीही पोहे शिकावेत, हे ओघाने आलेच.) जेवताना आग्रह एकदाच करावा, नकारानंतर पानात वाढू नये. ज्येष्ठांची पथ्ये आणि उपवासाचे वार वहीत टिपून ठेवावेत. मकरसंक्रांत ते रथसप्तमी या काळात हळदीकुंकू केल्यास शेजारच्या सर्व स्त्रियांना, पती हयात नसलेल्यांनाही, आवर्जून बोलवावे व वाण सर्वांना सारखेच द्यावे.