लाइट गेली तरी उघडे काम उघडेच: विंडोजमध्ये हायबरनेट नीट लावण्यासाठी

टॅलीत अर्धवट नोंद, एक्सेलच्या चार शीट, ब्राउझरमध्ये पंधरा टॅब, आणि संगणक तर बंद करायचाय. अशा वेळी स्लीप पुरत नाही. स्लीपमध्ये रॅमला, म्हणजे चालू काम तात्पुरते धरणाऱ्या मेमरीला, थोडी वीज लागतच असते. ती तुटली की सगळे पुसले जाते. हायबरनेट रॅममधला मजकूर डिस्कवर लिहून वीज पूर्ण तोडते. पुन्हा चालू केल्यावर तोच मजकूर रॅममध्ये परत येतो आणि प्रोग्रॅम थांबले होते तिथूनच पुढे चालतात.

विंडोज १० आणि ११ मध्ये हा पर्याय बऱ्याचदा दिसत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ वर जा, वरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ वर क्लिक करा आणि खाली हायबरनेटसमोर टिक करून सेव्ह करा. नंतर विंडोजचे बटण आणि एक्स एकत्र दाबून, सोडून, यू आणि मग एच दाबले की काम झाले. माउसही लागत नाही.

टिक करायला हायबरनेटची ओळच नसेल, तर कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्यात, टाइप इंग्रजी अक्षरांतच करायच्या. पहिला शब्द म्हणजे ‘पॉवर’ला जोडून सी, एफ, जी.) आधी ‘पॉवरसीएफजी /ए’ द्या. कोणत्या सोयी उपलब्ध आहेत आणि नसतील तर का नाहीत, हे ती सांगते. हे न वाचता पुढची खटपट करू नये. मग ‘पॉवरसीएफजी /एच ऑन’. तरीही ओळ आली नाही, तर हायबरनेटची फाइल ‘रिड्यूस्ड’ प्रकारची असू शकते. ती फक्त फास्ट स्टार्टअपपुरती, म्हणजे शट डाउननंतर विंडोज लवकर सुरू करणाऱ्या सोयीपुरती असते. ‘पॉवरसीएफजी /एच /टाइप फुल’ दिल्यावर ती पूर्ण होते.

ही फाइल सी ड्राइव्हच्या मुळाशी लपलेली असते आणि पूर्ण प्रकारात साधारण रॅमच्या ४० टक्के जागा घेते, म्हणजे १६ जीबी रॅमला सुमारे साडेसहा जीबी. मजकूर दाबून (कॉम्प्रेस करून) लिहिला जातो म्हणून एवढी जागा सहसा पुरते. मोठे व्हिडिओ किंवा आभासी मशीन (संगणकातच चालणारा दुसरा संगणक) उघडी ठेवून हायबरनेट फसत असेल, तर ‘पॉवरसीएफजी /एच /साइझ ६०’ करून पाहा. आकडाही इंग्रजीतच टाइप करा.

नेहमी घोळ होतो तो फास्ट स्टार्टअपचा. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावरही काहीतरी डिस्कवर जतन होते, पण ते फक्त विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर. तुमचे प्रोग्रॅम त्याआधीच बंद झालेले असतात. त्यामुळे शट डाउनवर विसंबू नका.

चाचणी घ्याच, पण नोटपॅडवर नको: विंडोज ११ मधला नोटपॅड न जतन केलेला मजकूर स्वतःच ठेवतो, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कॅल्क्युलेटरमध्ये ४८३ गुणिले एवढेच दाबून थांबा, हायबरनेट करा, दिवे विझल्यावर प्लग काढा आणि पाच मिनिटांनी पुन्हा लावा. ४८३ आणि गुणिलेची खूण जशीच्या तशी दिसली की सगळे जुळले. लॅपटॉपला बॅटरी असल्याने प्लग काढून ही परीक्षा होत नाही. तिथे परत चालू करण्याइतकेच पाहा.

डेस्कटॉपला यूपीएस असेल तर त्याची यूएसबी केबल संगणकाला जोडा. बहुतेक वेळा विंडोज त्याला बॅटरी म्हणून ओळखते; मग पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘क्रिटिकल बॅटरी अ‍ॅक्शन’ हायबरनेट करा. पातळी ५ टक्क्यांवर ठेवू नका. जुन्या यूपीएसची बॅटरी शेवटच्या टप्प्यात एकदम कोसळते आणि हार्ड डिस्कवर ३ जीबी लिहायला अर्धे मिनिट सहज जाते. २० ते ३० टक्के ठेवलेले बरे. यूएसबी नसलेल्या यूपीएसला लाइट जाताच हातानेच हायबरनेट करावे लागते.

आता मर्यादा. डिस्कवर लिहिलेली मेमरीची प्रतिमा वाचता आली नाही तर विंडोज ती टाकून देऊन नव्याने सुरू होते, म्हणून आधी कंट्रोल-एस, मग हायबरनेट. पलीकडच्या सर्व्हरशी असलेली जोडणी थांबत नाही, तुटते: बँकेचे लॉगिन, व्हीपीएन, दूरच्या मशीनवरचे सत्र पुन्हा उघडावे लागते. पेन ड्राइव्हवरची फाइल उघडी असताना हायबरनेट करून तो काढू नका. हायबरनेटच्या फाइलमध्ये पासवर्डसकट मेमरीतले काहीही असू शकते. लॅपटॉप प्रवासात नेत असाल तर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू हवे.

एकाच मशीनवर विंडोजसोबत लिनक्स ही दुसरी कार्यप्रणालीही असेल, तर विंडोज हायबरनेट असताना तिकडून त्याच्या ड्राइव्हवर काहीही लिहू नका. विंडोज परत आल्यावर त्याच्या आठवणीतली डिस्क आणि खरी डिस्क यांत फरक पडतो आणि फायली बिघडतात. फास्ट स्टार्टअपनंतरही हाच धोका असतो, म्हणून अशा मशीनवर तो बंदच ठेवा. लिनक्सला जायचे असेल तेव्हा विंडोज आधी ‘रिस्टार्ट’ने सोडा.